‘गच्छंती’चे व्याकरण

पदवीच्या वर्गाला वाक्प्रचार शिकवताना आम्ही दरवर्षी एक साधा खेळ घेतो. एखाद्याला पदावरून दूर केल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रे किती शब्दांनी देतात, ते विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहायचे. उचलबांगडी, हकालपट्टी, गच्छंती, डच्चू, पायउतार, नारळ... पाच मिनिटांत फळा भरून जातो. मग आम्ही एकेक शब्द सोलून पाहतो. उचलबांगडीत हातपाय धरून उचलून नेण्याचे दृश्य आहे. हकालपट्टीत हाकलणारा कोणीतरी उघडच उभा आहे. ‘नारळ देणे’ या प्रयोगात, उपरोधाने का होईना, निरोपाच्या एका जुन्या रीतीची आठवण शिल्लक आहे: जाणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे असते, ही ती रीत. आणि गच्छंती? ते तर संस्कृत क्रियापदाचे तृतीयपुरुषी अनेकवचन: ‘ते जातात’. पाठवणारा वाक्यातून गायब. जाणारा जणू आपल्याच पायांनी, आपल्याच मर्जीने चालला आहे.

असाच तास चालू असताना मागच्या बाकावरच्या एका फुटबॉलवेड्या विद्यार्थ्याने विचारले होते, ‘‘मग गोव्याच्या टीमच्या कोचचं जे झालं, ते यातलं कोणतं?’’ पैनगंगेच्या काठच्या आमच्या उमरखेड तालुक्यात फुटबॉलचा व्यावसायिक क्लब नाही. आमची मुले गोव्याचा आणि मुंबईचा संघ पाहतात ते मोबाइलच्या पडद्यावर. आम्हा मराठीच्या अध्यापकांना तर त्या खेळातला ऑफसाइडचा नियमही दोनदा समजावून घ्यावा लागतो. पण मुलाच्या प्रश्नाने आमची चांगलीच अडचण केली. त्याचे उत्तर शोधता शोधता आमचे जे मत बनले ते येथे मांडत आहोत. ते फुटबॉलविषयी आहे, आणि आमच्या दृष्टीने त्याहूनही अधिक भाषेविषयी आहे.

फुटबॉलपासून दूर असलेल्या वाचकांसाठी आधी प्रसंग सांगायला हवा. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक 2017 साली एफसी गोवा संघाकडे आले. (इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात, त्याला आपल्याकडे मुख्य प्रशिक्षक म्हणतात, काम जवळपास तेच.) त्यांनी संघाला आक्रमक आणि देखणा खेळ शिकवला. त्यांच्या पहिल्या दोन्ही हंगामांत इंडियन सुपर लीगमधील सर्वाधिक गोल गोव्याच्याच फेरान कोरोमिनास याचे होते: 2017-18 मध्ये 18 आणि 2018-19 मध्ये 16. मार्च 2019 मध्ये संघ अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून हरला. पण पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप जिंकून आला. 2019-20 च्या हंगामात साखळीचे तीन सामने उरलेले असताना गोवा गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. साखळीत पहिला येणाऱ्याला त्या वर्षी प्रथमच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळणार होता. आजवर कोणत्याही भारतीय क्लबला तो मिळाला नव्हता. आणि नेमक्या त्या टप्प्यावर, जानेवारी 2020 च्या अखेरीस, क्लबने लोबेरा यांच्याशी फारकत घेतल्याचे जाहीर केले. व्यवस्थापनाशी बिनसल्याच्या बातम्या आल्या, तर्कवितर्क झाले. पण पहिल्या क्रमांकावरच्या संघाच्या प्रशिक्षकाला तीन सामने आधी का जावे लागले, या सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये तिकीट काढून बसणाऱ्या माणसाला मिळाले नाही.

पुढे काय झाले? गोमंतकीय क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे तात्पुरती सूत्रे आली. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले. शेवटचा जमशेदपूरला, 5-0 असा. 18 सामन्यांत 39 गुण मिळवून संघ पहिला आला, शील्डचा मानकरी ठरला आणि आशियाई स्पर्धेचे दारही उघडले. उपांत्य फेरीत मात्र तो दोन सामन्यांच्या बेरजेत चेन्नईयिनकडून 5-6 असा हरला. लोबेरा त्याच वर्षी मुंबई सिटी एफसीकडे गेले. अहमद जाहू, मूर्तादा फाल, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचा जुना कर्णधार मंदार राव देसाई हेही मुंबईच्या संघात दाखल झाले. करोनामुळे 2020-21 ची सारी स्पर्धा गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळली गेली. उपांत्य फेरीत मुंबईने पेनल्टींवर गोव्यालाच हरवले आणि 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याच्याच मैदानावर एटीके मोहन बागानला 2-1 असे नमवून करंडक उचलला. शील्ड आधीच खिशात होती.

या घटनाक्रमातून कोणतीही बाजू सोयीस्कर तात्पर्य काढू शकते. क्लबचा समर्थक म्हणेल, तिन्ही सामने जिंकले, शील्ड मिळाली, म्हणजे निर्णय बरोबर. लोबेरांचा चाहता म्हणेल, वर्षभरात त्यांनी दुहेरी यश मिळवून दाखवले, म्हणजे निर्णय चूक. आम्हाला हे दोन्ही निष्कर्ष एकाच जातीचे वाटतात. दोघेही नंतरच्या गोलांवरून आधीच्या वर्तनाला गुण देतात. प्रशिक्षक बदलावा की नाही हा खेळाच्या जाणकारांचा आणि मालकांचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. माणसाला दूर करण्याचा अधिकार संस्थेला असतोच. तो नसेल तर संस्था चालणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो अधिकार चारचौघांत कसा वापरला जातो, आणि त्याची वार्ता कोणत्या वाक्यात सांगितली जाते?

येथे व्याकरण मदतीला येते. आपल्या संस्थांची परिपत्रके, शासनाचे आदेश, क्लबांची निवेदने यांचे एक लाडके क्रियापद आहे: ‘निर्णय घेण्यात आला आहे’. कर्मणी रचना, कर्ता अध्याहृत. मराठीत ही रचना वाईट नाही. कर्ता सर्वांना ठाऊक असेल किंवा त्याला महत्त्व नसेल तेथे ती शोभतेही. ‘रस्ता बंद ठेवण्यात येत आहे’ या पाटीवर बंद करणाऱ्याचे नाव कोणी शोधत नाही. पण ज्या निर्णयाने एका माणसाची उपजीविका, त्याचा लौकिक आणि हजारोंचा जिव्हाळा हलतो, तो निर्णय ‘घेण्यात येतो’ तेव्हा वाक्यातली रिकामी जागा बोलू लागते. ‘परस्परसंमतीने’, ‘वैयक्तिक कारणास्तव’, ‘क्लबच्या भविष्याचा विचार करता’ हे शब्द त्याच रिकाम्या जागेवर टाकलेले अभ्रे आहेत. वाचणाऱ्याला खालची पोकळी कळते, आणि मग तो ती अफवांनी भरतो.

कर्ता लपवल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसते. बहुधा ज्याचा काही दोष नाही अशाच्या. फुटबॉल सोडून क्षणभर आपल्या गावोगावच्या खेळाकडे, क्रिकेटकडे वळू. 15 डिसेंबर 2023 रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमल्याचे जाहीर केले. रोहितने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच अजिंक्यपदे संघाला मिळवून दिली होती. निवेदनात त्याचे आभार मानलेले होते, उद्याची भाषाही होती. तरी ‘का?’ हा प्रश्न उरलाच. मार्च 2024 मध्ये हंगामापूर्वीच्या पत्रकार परिषदेत प्रशिक्षक मार्क बाउचर यांना नेमके हेच विचारले गेले आणि ते गप्प राहिले. शेजारी बसलेला नवा कर्णधारही बोलला नाही. त्या मौनाची किंमत कोणी मोजली? निर्णय घेणाऱ्यांनी नव्हे. अहमदाबादेत आणि पुढे खुद्द वानखेडेवर लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. संघ त्या हंगामात तळाला गेला. आणि तीनच महिन्यांनी, 4 जुलै 2024 रोजी, विश्वचषक जिंकून आलेल्या संघाचे स्वागत झाले तेव्हा त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. अर्थात विश्वविजयाने राग विरघळतो, हे खरे. पण आम्हाला वाटते, तो राग मुळात त्या माणसावर नव्हताच. उत्तर न मिळालेला प्रश्न समोर दिसेल त्याच्या अंगावर फेकला गेला होता. कर्ता वाक्यात नव्हता, म्हणून लोकांनी मैदानात उभा असलेला कर्ता निवडला.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कारणे उघड सांगितली तर जाणाऱ्याचीच अब्रू जाते. करारात गोपनीयतेच्या अटी असतात. ड्रेसिंग रूममधले भांडण चव्हाट्यावर आणणे हा कसला सन्मान? हे सारे मान्य. धुणे चौकात धुवावे असे आमचे म्हणणे नाही. पण सगळे सांगणे आणि काहीच न सांगणे यांच्यामध्ये प्रौढ माणसांना शोभेल अशी पुष्कळ जागा आहे. त्या जागेचे एक उदाहरण देतो.

लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबने 2016 साली प्रीमियर लीग जिंकली तेव्हा जगाने तोंडात बोट घातले होते. त्या चमत्काराचे शिल्पकार क्लाउदियो रानिएरी. नऊच महिन्यांनी, 23 फेब्रुवारी 2017 रोजी, क्लबने त्यांना काढले. संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या काठावर होता. निर्णय कठोर होता आणि जगभरातून त्याच्यावर टीका झाली. पण निवेदनात क्लबच्या उपाध्यक्षांचे नाव होते, आणि क्रियापदाला कर्ता होता: ‘आम्ही’. क्लब हाती घेतल्यापासूनच्या जवळपास सात वर्षांतला हा सर्वांत अवघड निर्णय असल्याचे त्यांनी सांगितले. वैयक्तिक भावना कितीही तीव्र असली तरी क्लबचे दूरचे हित तिच्यापुढे ठेवणे आपले कर्तव्य आहे, अशा आशयाचे कारणही दिले. लोक चिडले, पण कोणावर चिडायचे ते त्यांना कळले. नंतर संघ सावरून बाराव्या स्थानावर आला, हा वेगळा भाग. सावरला नसता तरी त्या निवेदनाचा प्रामाणिकपणा तेवढाच राहिला असता. याउलट 2014 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेडचे डेव्हिड मॉइज जाणार ही वार्ता आदल्या दिवशीच वर्तमानपत्रांत येऊन गेली आणि क्लबची घोषणा दुसऱ्या दिवशी झाली. सहा वर्षांच्या करारावर आलेला माणूस दहा महिन्यांत जात होता. निदान ही बातमी पिकण्याआधी क्लबने स्वतः बोलायला हवे होते.

निरोपाचा आदर्श म्हणून आजकाल लिव्हरपूलच्या युर्गेन क्लॉप यांचे नाव घेतले जाते. हंगामअखेर आपण जाणार, हे त्यांनी 26 जानेवारी 2024 रोजीच स्वतः सांगितले. 19 मे रोजी आपल्या शेवटच्या सामन्यानंतर अ‍ॅनफील्डच्या मैदानात उभे राहून त्यांनी प्रेक्षकांकडून चक्क आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या, आर्ने स्लॉट यांच्या, नावाचे गाणे म्हणवून घेतले. नियुक्तीची अधिकृत घोषणा तर दुसऱ्या दिवशीची! पुढच्याच हंगामात स्लॉट यांनी लीग जिंकली. उदाहरण हृद्य आहे. पण ते जपून वापरायला हवे. क्लॉप स्वतःहून जात होते. आपल्या मर्जीने जाणाऱ्याचा निरोप गोड करणे सोपे असते. कसोटी लागते ती पाठवल्या जाणाऱ्याच्या निरोपात. तरीही त्यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे: नव्या माणसाला प्रेक्षकांच्या स्वाधीन करण्याचे काम जुन्या माणसाइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. जाणाऱ्याला मागच्या दाराने बाहेर काढणारी संस्था येणाऱ्याचाही हा आधार काढून घेते.

लोबेरांचीच कथा पुढे पाहिली तर हे आपल्या भूमीतही अशक्य नाही असे दिसते. ऑक्टोबर 2021 मध्ये, दुहेरी यशानंतर अवघ्या काही महिन्यांनी, ते मुंबई सिटीचेही प्रशिक्षक उरले नाहीत. हंगाम तोंडावर आला होता. पण या वेळी उत्तराधिकारी म्हणून डेस बकिंगहॅम यांचे नाव लगोलग पुढे आले, आणि लोबेरा कोठे जात आहेत याचाही अंदाज लोकांना आला: मुंबई तेव्हा ज्या सिटी फुटबॉल ग्रुपच्या मालकीची होती त्याच समूहात दुसरी जबाबदारी घ्यायला. माणूस तोच, निर्णय तितकाच अचानक. पण हंगामाच्या आधी, पुढचा पत्ता आणि नवे नाव एकत्र सांगून केलेला बदल लोकांना पचला. बकिंगहॅम यांनी 2022-23 ची शील्ड जिंकली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडकडे, म्हणजे आपल्या जन्मगावाच्या क्लबकडे गेले. ‘गावाकडून बोलावणे आले’ हे कारण उमरखेडच्या बाजारातल्या माणसालाही समजते. त्यांच्यामागून आलेल्या पेटर क्रॅटकी यांनी 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून करंडक आणला. क्रॅटकींना बकिंगहॅमच्या सावलीशी भांडावे लागले नाही, कारण तेथे सावलीच शिल्लक नव्हती.

आता आमच्या वर्गातल्या त्या प्रश्नाने आमची अडचण का केली, ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेत प्राचार्य बदलले. सकाळी दहा वाजता सूचनाफलकावर चार ओळींचा कागद लागला. त्यातले क्रियापद ‘सोपविण्यात येत आहे’ हे होते. शिपायांना ते आदल्या संध्याकाळीच ठाऊक होते. ज्यांना बदलले त्या सरांना, असे आम्ही नंतर ऐकले, तो कागद घरी निघताना मिळाला होता. तीस वर्षे त्या इमारतीत शिकवलेला माणूस. त्यांनी टेबलाच्या खणातली पुस्तके एका पिशवीत भरली आणि ते मागच्या फाटकाने गेले. निरोपसमारंभ ‘योग्य वेळी’ होणार होता. ती वेळ आजतागायत आली नाही. त्यांच्या जागी ‘प्रभारी’ म्हणून बसलेल्या सहकाऱ्याचा काही दोष नव्हता. पण वर्षभर अध्यापककक्षात कोणी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले नाही. आणि आम्ही? आम्ही त्या कागदाखाली ‘वाचले’ म्हणून सह्या केल्या. विद्यार्थ्यांनी विचारले तेव्हा ‘निर्णय झाला आहे’ एवढेच म्हणालो. कर्ता आम्हीही गाळला.

तो प्रसंग आठवला की वाटते, क्लबांवर टीका करण्याचा आमचा अधिकार तोकडाच आहे. पण म्हणूनच ती करावीशी वाटते. लाखो लोक पाहत असताना एखादा क्लब माणसाला कसा निरोप देतो, त्यावरून आमची मुले निरोप द्यायला शिकतात. उद्या तीच मुले ग्रामपंचायतीत, बँकेत, शाळेत, साखर कारखान्यात कोणाला तरी पदावरून दूर करतील, किंवा दूर केली जातील. त्या वेळी त्यांच्या हाती कोणते वाक्य असेल?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. वार्ता आधी त्या माणसाला कळावी, मग त्याच्या खेळाडूंना, मग लोकांना, आणि हे तिन्ही एकाच दिवसात. वर्तमानपत्राला त्या रांगेत पहिला नंबर मिळता कामा नये. निवेदन निर्णय घेणाऱ्याच्या नावाने आणि ‘आम्ही’ या कर्त्यासह निघावे. सांगता येईल तेवढे कारण सांगावे; जे सांगता येत नाही ते ‘सांगता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे, कारण कबूल केलेले मौन आणि लपवलेले मौन यांत लोक फरक करतात. जाणाऱ्याच्या कामाचा हिशेब आकड्यांसह द्यावा. ‘मोलाचे योगदान’ या शब्दांत कोणाचेच योगदान दिसत नाही. तात्पुरत्या माणसाला नेमताना तो किती काळासाठी आणि कोणत्या अधिकारांनिशी आहे ते जाहीर करावे. ‘प्रभारी’ या शब्दाखाली वर्षानुवर्षे काढण्याचा आपला परिपाठ क्लबांनी उचलू नये. ‘का बदलले?’ या प्रश्नाला मालकाने सामोरे जावे. नव्या माणसाला त्यासाठी पुढे करू नये. आणि हंगामाच्या मध्यावर बदल करायची वेळ आलीच, तर प्रेक्षकांसमोर एक सामना, निदान एक संध्याकाळ, जाणाऱ्याला द्यावी. ती नाकारण्याइतका त्याचा अपराध असेल तर तसे म्हणण्याचे धैर्य दाखवावे.

यातले काहीही केल्याने सामने जिंकता येत नाहीत. गोव्याने यातले फारसे न करताही शील्ड जिंकली. पण निरोप हा विजयाचा भाग नसून संस्थेच्या स्वभावाचा भाग असतो, आणि प्रेक्षक गुणतक्ता विसरला तरी स्वभाव विसरत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही त्या तासाला नीट उत्तर दिले नव्हते. ‘‘गच्छंती म्हण,’’ असे सांगून पुढच्या शब्दाकडे वळलो. आज तो वर्गात असता तर त्याला फळ्यापाशी बोलावून एवढेच करायला सांगितले असते: ‘पदावरून दूर करण्यात आले’ हे वाक्य कर्तरी प्रयोगात लिही. पहिला शब्द लिहिताना खडू अडखळेल. तेथेच थांबून, त्या जागी कोणाचे नाव येते ते शोध.